मधे कुणी नको

संगणकावर गाणं वाजवणं आता इतकं सवयीचं झालं आहे, की फाइलमधले आकडे आणि स्पीकरमधून येणारा आवाज यांच्या मधे किती जण हात घालून जातात याकडे आपलं लक्षच जात नाही. डीएसडी वाजवायचं ठरवलं की ते द्यावंच लागतं. गेली काही वर्षं मी हे काम हौसेनं करतो, स्वतःसाठी आणि मित्रमंडळींच्या घरीही. त्यातला बहुतेक वेळ काही जोडण्यात जात नाही, तो मधल्यांना एकेक करून बाजूला करण्यात जातो.

सीडी १९८२ साली आली. तिच्यात ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मापं घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. ही पीसीएमची रीत. सीडी आणणाऱ्या सोनी आणि फिलिप्स याच दोन कंपन्यांनी १९९९ मध्ये एसएसीडी आणली आणि तिच्यासाठी रीतच बदलली. माप एकाच बिटाचं, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या बरोबर ६४ पट. ही डीएसडीची रीत. एका बिटात लाटेची उंची लिहिता येत नाही. लाट वर असते तिथे एकांची दाटी होते, खाली असते तिथे शून्यांची. एवढ्या ढोबळ मापामुळे जो गोंगाट तयार होतो, तो गणितानं २० किलोहर्ट्झच्या पलीकडे, कानाच्या टप्प्याबाहेर ढकलून दिलेला असतो. हा बिटांचा प्रवाह तत्त्वतः एका साध्या ॲनलॉग फिल्टरमधून नेला तरी संगीत परत मिळतं. मला या कल्पनेचं पहिल्यापासून फार अप्रूप आहे.

सगळी अडचण याच साधेपणातून निघते. पीसीएममध्ये आवाज कमी करायचा तर मापाला एखाद्या संख्येनं गुणलं की झालं. इथे एकाचं निम्मं काय लिहिणार? डीएसडीला आवाजाची पट्टी चालत नाही, इक्वलायझर चालत नाही, दुसरा कुठलाही आवाज त्यात मिसळता येत नाही. यातलं काहीही करायचं तर आधी त्याचं बहुबिटी रूप करावं लागतं. आणि संगणक नेमका याच कामांसाठी बांधलेला असतो. गाणं चालू असताना निरोप आल्याची घंटा वाजली पाहिजे, ब्राउझरमधला व्हिडिओही ऐकू आला पाहिजे, म्हणून विंडोज काय, मॅक काय, लिनक्स काय, प्रत्येकात एक मिक्सर बसवलेला आहे. तो सगळे आवाज एका वेगावर आणतो, बेरीज करतो आणि पुढे पाठवतो. त्याचं काम तो चोख करतो. एका बिटाला मात्र त्याच्या हातून जाताच येत नाही.

यावर काढलेली युक्ती म्हणजे डीओपी, पीसीएमच्या लिफाफ्यातून डीएसडी. इंग्लंडच्या डीसीएस कंपनीच्या कल्पनेतून ती निघाली आणि पुढे इतरांनीही उचलली. २४ बिटांच्या पीसीएम मापात खालच्या १६ जागी डीएसडीचे बिट भरायचे आणि वरच्या ८ जागी खूण ठेवायची: एकदा ०५, एकदा एफए, पुन्हा ०५. संगणकाला वाटतं हे १,७६,४०० वेगाचं साधं पीसीएम आहे. डॅक, म्हणजे आकड्यांचा ॲनलॉग आवाज करणारं यंत्र, ती आलटून-पालटून येणारी खूण ओळखतो, लिफाफा फोडतो आणि आतले बिट जसेच्या तसे बाहेर काढतो. २८,२२,४०० ला १६ नी भागून पाहा, हिशेब तंतोतंत जमतो.

पण लिफाफ्याला जराही धक्का लागता कामा नये. आवाजाची पट्टी १०० वरून ९९ वर आली तरी खूण मोडते. मग डॅक त्या बिटांनाच पीसीएम समजून वाजवतो आणि स्पीकरमधून सपाट खरखर येते. तिच्यामागे कधी कधी गाणंही पुसटसं ऐकू येतं. नवख्या माणसाला वाटतं डॅक बिघडला. मला ती खरखर उपकारक वाटते, कारण तिचा अर्थ अगदी स्वच्छ असतो: बिट निघाले, पोचले, फक्त वाटेत कुणीतरी हात लावला.

खरा घोळ शांतपणे होतो. प्लेअर आपणहून डीएसडीचं पीसीएम करून टाकतो, गाणं सुरेख वाजतं, आणि आपण डीएसडी ऐकतोय या समजुतीत महिने जातात. म्हणून माझा नियम आहे, कानावर विसंबायचं नाही, आधी तपासायचं. डॅकवर दिवा किंवा पडदा असेल तर तो पाहायचा. लिनक्स असेल तर आणखी चांगलं, कारण वाजत असलेल्या कार्डाची खरी अवस्था ते एका छोट्या फाइलीत उघड दाखवतं. तिथे वेग १,७६,४०० दिसला तर बहुधा एसएसीडीच्या वेगाचं डीएसडी लिफाफ्यातून चाललं आहे असं समजायचं. स्वरूपातच डीएसडी असं लिहिलेलं आणि वेग ८८,२०० दिसला, तर बिट ३२-३२ च्या गठ्ठ्यांनी थेट चालले आहेत. ४८,००० दिसलं, की मिक्सर अजून मधे बसलेला आहे.

याच कारणानं मला या कामासाठी रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आवडतो. त्यावर डेस्कटॉप न टाकलेलं लिनक्स घातलं की मिक्सरचा प्रश्नच मिटतो, कारण तो येतच नाही. त्यावर एमपीडी हा जुना, विश्वासू प्लेअर. त्याच्या सेटिंगमध्ये डीओपी चालू करायचं, आवाजाचं नियंत्रण पूर्ण काढून टाकायचं आणि आउटपुटला थेट हार्डवेअरचं नाव द्यायचं. ते नाव नंबरानं देऊ नये. पाय पुन्हा सुरू झाला की कार्डांचे नंबर बदलू शकतात आणि डॅकच्या जागी एचडीएमआय येऊन बसतं. कार्डाचं नाव बदलत नाही. विंडोजवर डॅकच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घालून मिक्सर टाळता येतो. मॅकवर लिफाफ्याचाच मार्ग धरावा. आवाज कमी-जास्त करायचा तो ॲम्प्लिफायरवर.

गाणी बदलताना येणारा ठक्‌ असा आवाज हा मला सगळ्यात गोड वाटणारा प्रश्न. पीसीएममध्ये शांतता म्हणजे शून्य. डीएसडीमध्ये सलग शून्यं म्हणजे लाट पार तळाला. ती तशी पाठवली तर स्पीकरचा पडदा दणका खातो. तिथे शांतता लिहायची तर एक आणि शून्य समसमान लागतात, म्हणून ०११०१००१ असा नमुना पुन्हा पुन्हा पाठवतात. चांगला प्लेअर थांबतानाही हा नमुना सोडत राहतो. तरी पीसीएमवरून डीएसडीवर जाताना काही डॅक क्षणभर तोंड मिटून घेतात आणि तेवढ्यात गाण्याचा आरंभ गिळला जातो. तानपुऱ्यानं सुरू होणाऱ्या मैफलीत ते चालून जातं, पण थेट शब्दानं उठणाऱ्या भावगीताचं पहिलं अक्षर जातं. म्हणून मी दोन्ही प्रकारच्या फाइली एका यादीत ठेवत नाही.

ऐकायचं काय? माझी कसोटी तानपुरा. एका मित्राच्या सोनी पीसीएम-डी१०० या हातातल्या रेकॉर्डरवर आम्ही त्याच्या घरचा मिरजेचा तानपुरा डीएसडीत मुद्रित केला. चांगली जवारी लागलेल्या तारेतून षड्जाच्या आत गंधार उमलतो, आणि एकेक स्वरांश वर चढून विरतो. तो विरण्याचा शेवट वाजणाऱ्या साखळीत शिल्लक राहतो की नाही, हे मी ऐकतो. त्या खोलीत आम्ही प्रत्यक्ष बसलो होतो, म्हणून ताडून पाहायला मूळ आवाज आठवणीत आहे. विकत घेतलेल्या कुठल्याही फाइलीच्या बाबतीत ही सोय नसते.

आता स्पष्ट सांगायचं ते. तेच ध्वनिमुद्रण उत्तम २४ बिटी पीसीएममध्ये आणि डीएसडीत, आवाजाची पातळी जुळवून ऐकलं, तर मला फरक फार थोडा जाणवतो. पातळी जुळवणं इथे महत्त्वाचं आहे. एसएसीडीची संदर्भपातळी कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली ठरवलेली असल्यानं डीएसडी बरेचदा हळू वाजतं, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. शिवाय डीएसडीत थेट संपादन करता येत नसल्यानं कित्येक ध्वनिमुद्रणं मधे ३,५२,८०० वेगाच्या पीसीएममधून जाऊन आलेली असतात. विश्वमोहन भट आणि राय कूडर यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा १९९३ चा अल्बम पुढे एसएसीडीवरही निघाला. तो आजही अंगावर रोमांच आणतो. त्याचं श्रेय तो मुद्रित झाला त्या सांता बार्बराच्या प्रार्थनागृहाला, नीट लावलेल्या मायक्रोफोनना आणि ॲनलॉग टेपला आहे. एका बिटानं ते जपलं इतकंच.

तरीही ही खटपट करावी असं मी मनापासून म्हणतो. मधल्यांना बाजूला सारण्याची शिस्त डीएसडीमुळे लागते आणि तिचा फायदा त्याच संगणकावरच्या साध्या सीडीच्या फाइलींनाही होतो; त्याही मग न बदलता डॅकपर्यंत पोचतात. डिस्कवर मात्र जागा ठेवा, एका तासाच्या स्टीरिओ डीएसडीला सुमारे अडीच जीबी लागतात. फाइली डीएसएफ स्वरूपात घ्या, गायकाचं आणि रागाचं नाव त्यांच्यातच नीट राहतं. चौपट-आठपट वेगाच्या डीएसडीचे मोठे आकडे पाहून डॅक घेऊ नका. नॉर्वेच्या टूएल या रेकॉर्ड कंपनीनं एकाच ध्वनिमुद्रणाच्या वेगवेगळ्या स्वरूपांतल्या फाइली मोफत दिलेल्या आहेत. त्या उतरवून घ्या, पातळी जुळवा, घरच्या माणसाला बदल करायला सांगून स्वतः न बघता ऐका, आणि मग ठरवा पैसे डॅकवर घालायचे की स्पीकरवर. मला विचाराल तर स्पीकरवर.