लेक पंख बांधते तेव्हा

लेकीकडे परदेशी गेलं, की आईनं काय करायचं हे ठरलेलंच असतं. कपाटं आवरायची, पडदे धुवायचे आणि रविवारी जावईबापू नेतील तिकडे फिरायला जायचं. मागल्या वर्षी मीही सिडनीला गेले ती याच तयारीनं. तिथं गेल्यावर कळलं, की आमच्या लेकीनं नवाच उद्योग आरंभलाय. पंख बांधून टेकडीवरून उडी मारायचा!

“उडी नाही गं आई, उड्डाण! हँग ग्लायडिंग म्हणतात त्याला,” ती हसून म्हणाली. माझ्या पोटात मात्र जो गोळा आला, तो आलाच.

सिडनीच्या दक्षिणेला, समुद्रकाठी स्टॅनवेल पार्क नावाचं टुमदार गाव आहे. त्याच्या डोक्यावर बाल्ड हिल, म्हणजे आपल्या भाषेत ‘टकली टेकडी’! खाली पांढरी वाळू, पुढं अथांग निळं पाणी. समुद्रावरून आलेला वारा कड्यावर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर हे बिनइंजिनाचे पंख घारीसारखे तरंगतात. याच किनाऱ्यावर १२ नोव्हेंबर १८९४ रोजी लॉरेन्स हारग्रेव्ह नावाच्या गृहस्थांनी पेटीच्या आकाराचे चार पतंग एकाला एक जोडले आणि त्यांच्या जोरावर स्वतःला १६ फूट उंच उचलून घेतलं.

आणखी एक गंमत ऐका. या कापडी पंखाचा उगम चक्क स्वयंपाकघरात आहे. १९४८ साली अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो यांनी घरच्या घरी प्रयोग केले, तेव्हा पंख शिवला तो त्यांच्या पत्नीनं, गर्ट्रूडबाईंनी. कापड कुठलं, तर स्वयंपाकघरातल्या खिडकीचा पडदा! पुढं १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकिन्सन यांनी तशाच पंखाला हातात धरायची दांडी बसवली. त्यांचा पंख होता केळीचे घड झाकायच्या प्लॅस्टिकचा. जळगावकर मैत्रिणींना हे ऐकून नक्की मौज वाटेल.

तर, लेकीच्या मित्रमंडळींनी एक घरगुती स्पर्धा ठरवली होती. वीस वर्षं उडणारे काका होते, तशी माझ्या लेकीसारखी कालची पोरंही होती. नियम ठरले आमच्याच जेवणाच्या टेबलावर. मी आपली पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. शेवटी न राहवून म्हटलं, “अगं, आमच्या मंडळाच्या पाककृती स्पर्धेत दर वर्षी त्याच दोघी जिंकायच्या. मग आम्ही चिठ्ठ्या टाकून एक जुनी, एक नवी अशा जोड्या लावल्या. तेव्हा कुठं नव्या सुना पुढं आल्या.” ही सूचना सगळ्यांना एकदम पसंत पडली!

स्पर्धाही अशा निवडल्या, की नुसत्या दांडगाईनं जिंकता येऊ नये. एक, खाली आखलेल्या गोलाच्या मध्याजवळ पायांवर अलगद उतरायचं. दुसरी, किती मिनिटं हवेत राहणार हे आधी सांगायचं आणि घड्याळ न पाहता तेवढंच राहायचं. नवशिक्यांनी वारा मऊ असतानाच उडायचं, तेही शिक्षकाच्या नजरेखाली. वर एक जण परवानगी देणार, त्याचा शब्द शेवटचा. प्रत्येक उड्डाणाला दहा गुण. आणि तयार होऊनही वारा पटला नाही म्हणून जो मागं फिरेल, त्याला पाच!

हा शेवटचा नियम लेकीचा. “बसल्या जागी गुण? ही कसली गं स्पर्धा?” मी थट्टा केली. ती काही बोलली नाही.

रविवारी आम्ही टेकडीवर पोचलो. दशम्या आणि लसणाच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर. उडण्याआधी प्रत्येक जण पट्ट्यात आडवा लटकून पाही आणि जोडीदार कडी हातानं चाचपून बघे. अनुभवी माणसंसुद्धा कडी अडकवायला विसरली आहेत आणि त्यात जीव गेले आहेत, असं जावईबापूंनी सांगितलं. घराबाहेर पडताना गॅसची चावी दोनदा बघणारी मी. मला ते लगेच पटलं.

लेकीची पाळी आली तेव्हा वारा वाढला होता. समुद्रावर पांढरे तुरे दिसू लागले. तिनं तीसेक किलोचा पंख खांद्यावर तोलला. परवानगी देणारा अजून निशाणाकडं बघतच होता. खाली तिचे काका गोलात नेमके उतरले होते; हिनं बरं उड्डाण केलं असतं, तर जोडी पहिली येत होती. माझे हात डब्यावर घट्ट. हाक मारावी, की नको? नाही मारली.

ती क्षणभर उभी राहिली. मग पंख खाली टेकवून म्हणाली, “आज नको.”

कुणी हळहळलं नाही, कुणी चिडवलं नाही. वहीत पाच गुण मांडले गेले, आणि खालून काका आले ते पाठ थोपटायलाच. जोडी तिसरी आली. तेव्हा मला त्या नियमाचं मोल कळलं. नवख्या माणसाला वाऱ्यापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याचंच भय जास्त असतं. मागं फिरायला मान ठेवला, की माणूस जिवानिशी वाचतो.

परतताना लेक म्हणाली, “आई, तू हाक नाही मारलीस ते बरं केलंस. मारली असतीस, तर मी हट्टानं उडले असते.”

दशम्या तोवर गार झाल्या होत्या. पण त्या दिवशी मला त्या फार गोड लागल्या.