मोडीचें वळण

अक्षराचें सौंदर्य कशांत आहे, असें आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं कोणीं विचारलें असतें, तर प्रत्येक अक्षर सुटें, रेखीव व सारखें असण्यांत, असें उत्तर आम्हीं निःशंकपणें दिलें असतें. आमचें शिक्षण इंग्रजींत व छापील पुस्तकांवर झालेलें. दुसरें उत्तर सुचावें तरी कसें? पुढें गांवच्या घरांतील एका पेटींत, आजोबांनीं आपल्या वडील बंधूंस लिहिलेल्या मोडी पत्रांचें पुडकें हातीं लागलें, आणि स्वतःच्याच घरांत आम्ही निरक्षर ठरलों.

मोडी शिकण्यास आम्हीं आरंभ केला तो संगणकावर. २०१४ सालीं युनिकोडमध्यें या लिपीस स्थान मिळालें आणि तिचे टंक वापरणें सुलभ झालें. महिनाभरांत टंकांतली मोडी आम्ही घडाघडा वाचूं लागलों. मग मोठ्या अभिमानानें पेटी उघडली, तों एक ओळ लागेल तर शपथ!

कारण उघड होतें. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी, आणि मग बोरू शक्य तितका न उचलतां तिच्याखालीं अक्षरें गुंफीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाची क्षिति नाहीं. काना जोडतांच कित्येक अक्षरें आपला आकार पालटतात. पेशवाईंत चिटणिसी, महादेवपंती, रानडी अशीं हातांचीं वळणेंच नांवाजलेलीं होतीं. टंकांत मात्र प्रत्येक अक्षर आपल्या जातीच्या दुसऱ्या अक्षराचें जुळें भावंड. विल्यम कॅरेचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपुरास मोडी ठशांनीं छापला गेला, तेव्हांपासूनचीच ही अडचण आहे. धांवणें हा जिचा स्वभाव, तिला ठशांत उभें राहावें लागतें.

म्हणून टंक निरुपयोगी, असें आमचें म्हणणें नाहीं. पुस्तकाच्या वेष्टनावर तो शोभतो. पण त्याचा खरा उपयोग शिकविण्याचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतले मोडी कागद वाचणारे हवे असतील, तर पहिली पायरी टंकाचीच. मात्र पायरीवरच बसून राहणारास घर दिसत नाहीं.

तीन संध्याकाळ खपून १९४६ सालच्या एका पत्रांतली ओळ आम्हीं लाविली. “चिरंजीवास इंग्रजी शाळेंत घातलें, फीची तजवीज केली.” ते चिरंजीव म्हणजे आमचे तीर्थरूप. त्यांच्या शाळेमुळेंच आम्हांस इंग्रजी आली, आणि त्याच वाटेनें मोडी घरांतून गेली. आजोबांनीं ही वार्ता लिहिली ती किती आनंदानें, हें त्या ओळीच्या शेवटच्या झोकदार फराट्यावरून कळतें. टंकांत तो फराटा नाहीं.

पुडक्यांत अजून सत्तावीस पत्रें आहेत.