अब्बांची पेटी आणि दहा राग

घरी आम्ही दखनी बोलतो, शाळेत उर्दूतून शिकवतो आणि लिहायला बसलो की मराठीत लिहितो. घरातल्या ‘हम’ची सवय अशी की कागदावरही ‘मी’ उतरत नाही.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जुना विद्यार्थी हदगावला आला होता. मोबाइल पुढे करून म्हणाला, “सर, ये सुनो. मशीन राग बजा रही.”

१९८२ साली एचएमव्हीने काढलेली ती रेकॉर्ड. ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’. वाजवणारे मुंबईचे चरणजितसिंग, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले जुने वादक. साथीला कोणी माणूस नाही, रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे. ठेक्याला टीआर-८०८, खालच्या सुरांना टीबी-३०३ आणि रागाला ज्युपिटर-८. ठेका गिरणीसारखा धडधडत राहतो आणि त्यावर भैरवी, तोडी, यमन, बैरागी असे दहा राग. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली हॉलंडमधून ती पुन्हा निघाली आणि युरोपातली पोरे थक्क झाली. कारण १९८७ च्या सुमारास शिकागोत ज्या ‘अ‍ॅसिड हाऊस’चा गाजावाजा झाला, त्याच्या पाच वर्षे आधी हा माणूस त्याच टीबी-३०३ मधून तसलेच आवाज काढून बसला होता. सत्तरीत तो तिकडे जाऊन वाजवून आला. २०१५ साली वारला.

आम्ही ती रेकॉर्ड रात्री गच्चीवर पुन्हा ऐकली. सगळेच राग साधले आहेत असे नाही. ललितची हुरहूर त्या धडधडीत टिकत नाही. मालकंस ऐकताना मात्र उठून बसलो. सूर घसरत खाली येत होता. मींड! यंत्रातून!

अब्बा कव्वालीच्या पार्टीत पेटी वाजवायचे. दिवसा शिलाई मशीन, उर्साच्या रात्री पेटी. पार्टीने कॅसिओ आणला तेव्हा, “बटन दबाने को हुनर नहीं लगता,” म्हणून ते घरी बसले. पार्टीला वाजवणारा हवा होता. आम्ही नववीत होतो, बोटे तयार होती, ती त्यांनीच तयार केलेली. एका उर्सात आम्ही त्यांच्या जागेवर बसलो. पहाटे परतलो तर अम्मीने चहा दिला. अब्बा दोऱ्याची रीळ बदलत होते. त्यांनी काही विचारले नाही, पुढेही कधी नाही. २०२१ मध्ये ते गेले.

आता वाटते, त्यांच्याशी भांडायला आमच्याकडे तेव्हा मुद्दाच नव्हता. पेटीही परदेशातूनच आलेली. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, दोन सुरांमधली जागा तिला सापडत नाही, मींड निघत नाही. म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली सैल झाली. अब्बा लहानपणी ज्या रेडिओला कान लावून बसायचे, त्याच रेडिओवर त्यांच्या वाद्याला मज्जाव होता. हे त्यांना ठाऊक असेल का? आणि त्यांनी मालकंस ऐकला असता तर? कदाचित म्हणाले असते, “बंद कर, सर दुखता.”

पेटी कपाटावर आहे. परवा उतरवली. भाता उंदरांनी कुरतडला आहे. मधला ‘सा’ दाबला की नुसती हवा येते. वरचा अजून वाजतो. नांदेडला दुरुस्तीला न्यायची म्हणून गोधडीत गुंडाळून ठेवली आहे. दोनदा बसस्टँडपर्यंत नेली आणि परत आणली.