पाच इंजिनांचा रणगाडा : शर्मनची ओळख कशी पटवावी

१/ सातारा जिल्ह्यातील एका घरात वर्षानुवर्षे एक थट्टा चालत असे. घरातले कर्ते गृहस्थ, ज्यांना सारे अण्णा म्हणत, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात रणगाडे दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत मिस्तरी होते. "आमच्या रणगाड्याला पाच इंजिने होती," असे ते सांगत आणि पोरे हसत. "पाच का, दहा असतील!" असे कोणीतरी म्हणे. पुढे अण्णांनी ती गोष्ट सांगणेच सोडून दिले.

२/ त्यांचा मुलगा भूगोलाचा शिक्षक. निवृत्तीनंतर त्याला रणगाड्यांच्या प्रतिकृती करण्याचा नाद लागला. अण्णांच्या ट्रंकेत एक फोटो होता: धुळीने माखलेला शर्मन, त्यावर बसलेले चौघे, मागे पेन्सिलीने 'मेक्टिला, १९४५'. मास्तरांनी शर्मनचा १:३५ प्रमाणाचा संच आणला, चार महिने खपून प्रतिकृती उभी केली आणि पाटीवर लिहिले, 'अण्णांचा रणगाडा'. मग एके दिवशी भिंग घेऊन त्यांनी फोटो पुन्हा पाहिला. प्रतिकृती शर्मनचीच होती, पण अण्णांच्या रणगाड्याची नव्हती.

३/ चूक समजण्यासारखी आहे. शर्मन, म्हणजे अमेरिकेचा एम४, हे एका रणगाड्याचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव आहे. १९४२ ते १९४५ या काळात अनेक कारखान्यांतून सुमारे ४९ हजार शर्मन बाहेर पडले. दुरून सारे सारखेच दिसतात. जवळ गेल्यावर मात्र कोणाचा सांगाडा ओतीव, कोणाचा पत्रे जोडून केलेला, कोणाची लांबी वेगळी, तर कोणाची तोफ.

४/ पहिला गैरसमज अंकांचा. एम४, एम४ए१, एम४ए२ ही नावे वाचून वाटते की पुढचा अंक म्हणजे सुधारलेली आवृत्ती. तसे नाही. ओतीव सांगाड्याच्या एम४ए१चे उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये सुरू झाले, तर बिनअंकी एम४चे त्यानंतर, जुलैमध्ये. हे सारे प्रकार एकाच काळात, वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होत होते. ती एका घरातली भावंडे होत, पिढ्या नव्हेत.

५/ मग फरक कशाचा? मुख्यतः इंजिनाचा. एम४ आणि एम४ए१ यांना काँटिनेंटल कंपनीचे चक्राकार विमानी इंजिन होते. एम४ए२ला जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिने जोडीने बसवलेली होती. एम४ए३ला फोर्डचे व्ही-८ इंजिन होते. विमानी इंजिनांना वायुदलाचीही मागणी होती. ती सर्व रणगाड्यांना पुरणार नव्हती. म्हणून ज्या कारखान्याला जे इंजिन देता येईल ते देऊन रणगाडा चालता करायचा, असे धोरण ठरले.

६/ या धोरणाचे सर्वांत विलक्षण अपत्य म्हणजे क्रायस्लरचे ए५७. नवे इंजिन आखायला वेळ नव्हता; मोटारींसाठीचे सहा सिलिंडरांचे इंजिन मात्र तयार होते. अभियंत्यांनी अशी पाच इंजिने एका मध्यवर्ती पेटीभोवती चांदणीसारखी रचली आणि पाचांची शक्ती दातेरी चाकांनी एकाच दांड्यावर आणली. ५ इंजिने, ३० सिलिंडर, सुमारे साडेवीस लिटर क्षमता. हे यंत्र ज्यात बसले तो एम४ए४.

७/ म्हणजे अण्णा अक्षरशः खरे बोलत होते. उखाळीपाखाळी काढावी तशी घराने ज्या वाक्याची थट्टा केली, ते एका मिस्तऱ्याचे नेमके तांत्रिक विधान होते.

८/ पण फोटोतला रणगाडा एम४ए४च होता हे कसे ठरवायचे? इंजिन तर आत दडलेले. येथे बाह्यरूपाकडे वळावे लागते. ए५७ आकाराने मोठे, त्यामुळे सांगाडा सुमारे ११ इंचांनी लांबवावा लागला. पंखा मावावा म्हणून इंजिनावरच्या छतावर आणि खाली तळाला फुगवटा आला. चाकांच्या जोड्यांमधले अंतर वाढले. पट्ट्याच्या कड्या एका बाजूस ७९ होत्या, त्या ८३ झाल्या. आतल्या निर्णयाची खूण अशी बाहेर उमटते.

९/ पुरावा तपासण्याचा एक नियम मास्तरांनी स्वतःपुरता घालून घेतला: जे सहज बदलता येते, त्यावर ओळख ठरवायची नाही. चाक आऱ्यांचे की भरीव पत्र्याचे, हा पुरावा कच्चा. एकाच रणगाड्यावर दोन्ही प्रकारची चाके आढळतात. पट्ट्यांचेही तेच. युद्धभूमीवरचा मिस्तरी हाती येईल तो सुटा भाग लावून गाडी रवाना करतो. अण्णांनीही तेच केले असणार. सांगाडा मात्र कार्यशाळेत लांब होत नाही.

१०/ म्हणून आधी समोरचा पत्रा. सुरुवातीच्या जोडीव सांगाड्यांत तो ५६ अंशांनी कललेला असे आणि चालकाच्या व त्याच्या सोबत्याच्या लहान झाकणांपुढे दोन उंचवटे पुढे आलेले असत. पुढच्या काळात तो ४७ अंशांचा, अधिक उभा व सपाट झाला आणि झाकणे मोठी झाली. मास्तरांनी आणलेला संच होता ७६ मिलिमीटर तोफेच्या, उत्तरकालीन एम४ए३चा: कपाळ सपाट, बुरूज मोठा. फोटोत बसलेल्या एका जवानाच्या बुटाजवळ मात्र तो उंचवटा स्पष्ट दिसत होता. एवढ्यावरून संचातला प्रकार बाद झाला.

११/ मग लांबी. फोटोत फूटपट्टी नसते, पण चाक असते, आणि त्याचा व्यास २० इंच हे ठाऊक आहे. नकाशावरून अंतर काढणे शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे नवीन नव्हते. चाकाचा व्यास एकक धरून त्यांनी दोन जोड्यांमधली फट मोजली. फोटो तिरपा असल्याने उंचीशी तुलना न करता एकाच रेषेतली मापे घेतली. आखूड सांगाड्यात शेजारच्या जोड्यांची चाके जवळजवळ भिडलेली दिसतात. येथे मध्ये चांगलीच मोकळी जागा होती. लांब सांगाडा एम४ए६लाही होता, परंतु ते अवघे ७५ झाले आणि लढाईवर गेलेच नाहीत. उरला एम४ए४.

१२/ शेवटचा दुवा अण्णांच्या खिशातल्या वहीत निघाला. 'शर्मन' या शब्दापुढे प्रत्येक ठिकाणी एक खूण होती, दोन बोटांनी दाखवतात तशी. घरात सर्वांनी ती विजयाची खूण मानली होती. ती होती रोमन पाच. ब्रिटिश पद्धतीत एम४ला शर्मन एक, एम४ए१ला दोन, एम४ए२ला तीन, एम४ए३ला चार आणि एम४ए४ला शर्मन पाच म्हणत. ७६ मिलिमीटर तोफेसाठी पुढे 'ए', १७ पौंडी तोफेसाठी 'सी' जोडत. अण्णांच्या वहीत पाचापुढे अक्षर नव्हते. म्हणजे मूळची ७५ मिलिमीटरची तोफ.

१३/ इतिहासही याला दुजोरा देतो. एम४ए४ अमेरिकेने बहुतांशी मित्रराष्ट्रांना दिले. २५५ व्या भारतीय रणगाडा ब्रिगेडमध्ये प्रॉबिन्स हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांकडे शर्मन होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये इरावती ओलांडून ही ब्रिगेड १७ व्या भारतीय डिव्हिजनसह मेक्टिलाकडे धावली आणि मार्चच्या आरंभी ते शहर पडले. या धावेची कथा सांगताना नावे येतात ती सेनापतींची. पण त्या धुळीत ३० सिलिंडरांच्या ३० ठिणगी-प्लगांची निगा राखणारेही कोणी होते. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या 'इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स' या दलाचे ते काम होते.

१४/ कोणी शर्मन करायला घेतला तर क्रम असा ठेवावा: आधी सांगाडा ओतीव की जोडीव (पुढून ओतीव व मागून जोडीव असे संमिश्र एम४ही असतात, त्यामुळे दोन्ही टोके पाहावीत), मग कपाळाचा कल, मग चाकांमधली फट, मग इंजिनावरचे छत, मग बुरूज व तोफ. चाके आणि पट्टे सर्वांत शेवटी. आणि शक्य तर एकाच गाडीचा फोटो समोर ठेवावा. 'सर्वसाधारण शर्मन' नावाची गाडी कधी कुठल्या कारखान्यातून निघालीच नाही.

१५/ ११ इंच म्हणजे १:३५ प्रमाणात ८ मिलिमीटर. बोटाच्या नखाएवढे अंतर. तेवढ्यासाठी मास्तरांनी चार महिन्यांचे काम बाजूला ठेवले आणि दुसरा संच मागवला. पहिली प्रतिकृती त्यांनी फेकली नाही. तिच्यावरची पाटी मात्र काढली. ती गाडी दुसऱ्या कोणाची तरी होती.

१६/ नव्या प्रतिकृतीत इंजिनावरचे छत काढून ठेवलेले आहे आणि शेजारी तिकाटण्याला साखळीने टांगलेले ए५७ आहे. पाचही इंजिने वेगवेगळी मोजता यावीत, अशा बेताने ते वळवून लावले आहे. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. पाटीवर एवढेच आहे: 'शर्मन पाच. मेक्टिला, १९४५. इंजिने : पाच.'

(समाप्त)