एकच ऊन, दोन मांडव

नकाशावर पट्टी ठेवली तर अलिबाग आणि श्रीगोंदा जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात. दोन्ही गावं साडेअठरा अंश अक्षांशाच्या जरा वर. मेच्या मध्यावर, 14 तारखेच्या आसपास, सूर्य दोन्हीकडे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच गडप होते. आमच्याकडे साडेबाराच्या जरा आधी, अलिबागला आणखी सात-आठ मिनिटांनी. म्हणजे ऊन एकच. मी श्रीगोंदा तालुक्यात वस्तीवर राहते आणि माझ्या वन्सं अलिबागजवळ नागावला. एकाच उन्हाळ्यात आम्ही दोघींनी घराबाहेर स्वयंपाकाची आणि सावलीची सोय करायला घेतली. रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि रोज असं निघायचं, की त्यांनी पसंत केलेली वस्तू माझ्या कामाची नाही आणि माझी त्यांच्या.

आमची गरज साधी होती. जुन्या घराला माळवद होतं तोवर मे महिन्यातही आतल्या चुलीशी बसवत होतं. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यामुळे दुपारचं ऊन खाली यायला रात्र व्हायची. ते पाडून स्लॅब टाकला आणि स्वयंपाकघराची भट्टी झाली. दुपारी गॅसजवळ उभं राहिलं की वरून स्लॅब आणि समोरून शेगडी, दोन्हीकडून भाजून निघायचं. शिवाय थंडीत हुरड्याला पाहुणे येतात, यात्रेला कंदुरी असते, मोठी पातेली घरात मावत नाहीत. वन्संची गरज वेगळी. त्यांच्याकडे उतरायला पर्यटक येतात, त्यांना अंगणात बसून मासे खायचे असतात.

जागेचा प्रश्न सासूबाईंनी एका वाक्यात मिटवला. "घराची सावली फुकटची आहे, ती आधी वापरा." घराच्या पूर्वेला दुपारी दोननंतर भिंतीचीच सावली पडते आणि ती संध्याकाळपर्यंत लांबत जाते. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारचा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. नगर-पुणे रस्त्यावर सुप्याजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तो वारा मेमध्ये असा तापलेला असतो की तोंडावर घ्यावासा वाटत नाही. पूर्वेला बसलं की घर तो अडवतं, आणि चुलीचा धूर घरात शिरण्याऐवजी शेताकडे निघून जातो. राहिला प्रश्न अकरा ते दोनचा, सूर्य माथ्यावर असतानाचा. तेवढ्यापुरतं छत हवं होतं.

छताला मी शेडनेट घ्यायला निघाले होते. आमच्या भागात रोपवाटिकांमुळे ती कुठेही मिळते. 35, 50, 75, 90 टक्के अशी, म्हणजे तितकं ऊन ती अडवते. बसण्याच्या जागेला 75 टक्क्यांची पुरते. 90 ची जाळी एवढी दाट विणलेली असते की खालची गरम हवा वर निसटत नाही आणि वावटळ आली की ती शिडासारखी फुगून खांबांना ओढते. रंगाचंही बघावं लागतं. काळी जाळी सगळ्यात टिकाऊ पण स्वतःच तापते. हिरवी डोळ्याला बरी वाटते, मात्र तिच्याखाली वाढलेलं वरण आजारी माणसाच्या पथ्याचं दिसतं आणि कोणीच दुसऱ्यांदा घेत नाही. मी पांढरी घेतली.

पण चुलीवर जाळी चालत नाही, आणि हे मला कोणत्याही दुकानदाराने सांगितलं नाही. शेजारच्या वस्तीवरच्या मांडवात बघितलं. पऱ्हाट्या आणि तुराट्या जळताना तडतडतात, ठिणग्या उडतात. जाळी प्लॅस्टिकची. चुलीच्या वर बरोबर चाळणीसारखी भोकं पडलेली, कडा वितळून काळ्या झालेल्या. म्हणून आमच्याकडे दोन छतं आहेत. चुलीच्या बाजूला उंच, उतरता पत्रा, वरून पांढरा रंग दिलेला. बसायच्या बाजूला त्याच्यापेक्षा हातभर खाली जाळी. दोन्हींच्या मधल्या फटीतून धूर आणि गरम हवा बाहेर जाते. जाळी बांधायला सुतळी घेऊ नका, साधा नायलॉनही नको. आमच्या उन्हात तो वर्षभरात भुरभुरीत होतो. गाठ नखाने खरवडली तरी पांढरी पूड निघते. जाळीच्या कडेला दुमडपट्टी शिवून तिच्यातून तार ओवली की ओढ सगळीकडे सारखी बसते आणि जाळी एका गाठीशी फाटत नाही.

चुलीचं म्हणाल तर मातीचीच घातली, शेजारी वैल ठेवून. पुण्याच्या एका दुकानात चाकांवरच्या चकचकीत शेगड्या बघितल्या होत्या, झाकणाला उष्णतामापक लावलेल्या. त्यांवर कोंबडी छान भाजते, पण बाजरीची भाकरी तव्यावरून काढून आराला लावायची ती कुठे लावणार? आर समोर ओढता यायला हवा. भाकरी उभी करून आराच्या तोंडाशी टेकवली की ती टम्म फुगते, कड जरा काळी होते, तो वास. ज्याला हे करायचं नाही त्याने खुशाल चाकांची शेगडी घ्यावी. आमच्या चुलीची उंची मात्र बदलली. सासूबाईंना पाटावर बसून भाकरी थापायची सवय, माझे गुडघे कुरकुरतात. शेवटी वीतभर उंचीच्या ओट्यावर चूल आणि समोर बुटकं स्टूल, यावर दोघींचं जमलं. मोठ्या पातेल्यांसाठी मांडवाबाहेर जमिनीत चुलाण खणलं. तव्याच्या नि काठवटीच्या खरेदीला काष्टीचा शनिवारचा बाजार होताच.

खरी ओढाताण झाली ती सौरचुलीवरून. एवढं ऊन रोज फुकट पडतं, मग त्याच्यावर का शिजवू नये, असं मुलाचं म्हणणं. पेटीची सौरचूल आली. आत काळी केलेली पेटी, वर दुहेरी काच, झाकणाच्या आतून आरसा, आणि काळ्या रंगाचे चार डबे. अशा पेटीसाठी आयएस 13429 हे भारतीय मानक आहे, घेताना त्याचा शिक्का बघावा. सकाळी दहाला तुरीची डाळ, तांदूळ लावावेत, साडेबारा-एकला तयार. बटाटे तर पाण्याशिवाय उकडतात. आतली उष्णता शंभर अंशांच्या थोडी पुढे जाते, त्यामुळे करपत नाही, पण फोडणीही होत नाही आणि भाकरीचा तर विषयच नाही. वाऱ्याने झाकण आपटून आरसा फुटू नये म्हणून मागे टेकू बांधावा लागतो. धूळ तर आमच्याकडे विचारू नका, काच रोज पुसायची.

पण अडचण वेगळीच होती. पेटीला ऊन हवं आणि मला सावली. दर अर्ध्या तासाने सूर्याप्रमाणे पेटी फिरवायला मांडवातून उन्हात जायचं, डबा शिजलाय का बघायला उन्हात जायचं. सासूबाई म्हणाल्या, "डाळ शिजते आणि सोबत सूनही शिजते." त्यांना ते पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही.

या ओढाताणीचं उत्तर आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, ते तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. शिर्डीच्या प्रसादालयात पंगतीला बसलेल्या हजारो जणांपैकी किती जण वर बघतात? छतावर अंतर्गोल आरशांच्या 73 मोठ्या तबकड्या आहेत, प्रत्येकी 16 चौरस मीटरची. साईसंस्थानने 2009 मध्ये ही व्यवस्था सुरू केली. तबकड्या सूर्याकडे बघत हळूहळू फिरतात, त्यांच्या उन्हाने पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून खाली स्वयंपाकघरात येते. भात, वरण, भाजी त्या वाफेवर. ऊन छतावर, आचारी सावलीत. आभाळ आलं तर गॅसवरचा बॉयलर आहेच. या तबकडीची मूळ कल्पना वोल्फगांग शेफ्लर यांची. 1980 च्या दशकात केनियात त्यांनी ती पहिल्यांदा नीट चालवून दाखवली. त्यांना नेमकं हेच हवं होतं, की आरसा फिरला तरी उन्हाचा झोत एकाच जागी पडावा, म्हणजे बाईला चुलीजवळून उठायला लागू नये. ज्या गावात साईबाबा मशिदीच्या अंगणात चूल मांडून हंडी शिजवत असल्याचं साईसच्चरितात वर्णन आहे, त्याच गावात ही तबकडी यावी हा योग मला आवडतो.

आणि ही खटपट काही नवी नाही. विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मुंबईत आरशांची आठकोनी सौरचूल करून सात शिपायांचं मांस-भाजीचं जेवण ऐन जानेवारीत दोन तासांत शिजवलं होतं, आणि 1878 मध्ये त्यावर पुस्तकही छापलं. समुद्राकाठी, दमट हवेत. तेव्हा नागावलाही सौरचूल चालेल, हे मी वन्संना सांगितलं.

घरात सोळा चौरस मीटरची तबकडी कोण बसवणार? आम्ही मधला मार्ग काढला. मांडवाच्या दक्षिण कडेला, जाळीच्या बाहेर एक हात, कमरेच्या उंचीवर दगडी कट्टा केला. पेटी त्यावर. आत सावलीत उभं राहून हात लांब केला की झाकण उघडता येतं, पेटी फिरवता येते. थंडीत तर ही बाजू फारच उपयोगी. डिसेंबरात सूर्य भर दुपारी जेमतेम 48 अंश वर असतो, दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणजे पेटीलाही ऊन आणि आमच्याही पायांवर. आता वरण-भात, उसळींचं उकडणं, शेंगदाणे भाजणं पेटीत होतं. फोडणी आणि भाकरी चुलीवर. पावसाळ्यात पेटी घरात.

आमचा ऊसपट्टा, त्यामुळे आणखी एक वस्तू सांगते. तोडणीनंतर पाचट शेतात पेटवून देतात. त्याच पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडायची पद्धत पुण्याच्या आरती या संस्थेने बसवली, तिला त्याबद्दल 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांसाठी त्यांचाच सराई कुकर आहे. खाली शंभरेक ग्रॅम कोळसा, वर वाफेत डबे, पाच माणसांचा वरण-भात-भाजी. एकदा पेटवला की धूर नाही, बघत बसायला नको. ढगाळ दिवशी मला तो पेटीपेक्षा बरा वाटतो. बंद खोलीत मात्र कोळसा पेटवू नये, मग तो कुठलाही असो.

आता वन्संकडचं. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "घराच्या पूर्वेला करा, सावली फुकट मिळते." त्या हसल्या. "वहिनी, इथे पूर्वेला बसलात तर घामाने विरघळून जाल." नागावला दुपारचा वारा समुद्रावरून येतो, म्हणजे पश्चिमेकडूनच, पण गार. हवेत ओल एवढी की नुसत्या सावलीने माणूस निवत नाही, अंगावरून वारा जायला हवा. आमच्या कोरड्या हवेत गोणपाट ओला करून टांगलं तर मांडव गार होतो. तिथे ओलं गोणपाट दोन दिवस ओलंच राहतं आणि वास मारतं. म्हणून त्यांची पश्चिम उघडी हवी आणि तिकडूनच येणारं चारचं ऊन तर नको. यावर कोकणात उत्तर आधीपासून आहे. पोफळीचे खांब, वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, आणि पश्चिमेची कड एवढी खाली उतरवलेली की ऊन अडतं पण खालून वारा येतो. पावसाआधी झाप उतरवायचे, दिवाळीनंतर पुन्हा घालायचे.

त्यांना एका विक्रेत्याने एका दांड्यावरची मोठी छत्री आणि कायमचा पत्रा, दोन्ही सुचवलं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा किती घरांचे पत्रे पोफळीच्या बागांत जाऊन पडले होते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. छत्री त्यांनी हसून परत केली. खांब काँक्रीटमध्ये रोवलेल्या नळ्यांत बसवले, नटबोल्टचे, मेअखेर उतरवता येणारे. चूल त्यांनी घातलीच नाही. सरपण दमट, धुराने पाहुणे पळतील. गॅसची दोन बर्नरची भट्टी, तीन बाजूंनी वारा अडवणारी. मासे तळायला तेच सोयीचं.

त्यांचा खरा शत्रू खारी हवा. आमच्याकडे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वर्षानुवर्षं टिकतो. त्यांच्या अंगणात जुन्या पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूखाली तांबूस ओघळ उतरलेला मी बघितला आहे. पत्रा शाबूत आणि स्क्रूभोवती भोक. सौरचुलीची पेटीसुद्धा त्यांनी पत्र्याची न घेता फायबरची घेतली, आणि आरशाच्या कडा सिलिकॉनने बंद करून घेतल्या, कारण पारा कडेकडूनच उडायला लागतो. ओटा, भट्टी, खांबांचे बोल्ट यांना स्टील घेताना तर फार फसवणूक होते. बाजारात 202, 304 आणि 316 असे प्रकार असतात. 202 स्वस्त, आमच्याकडे चालून जातं, समुद्राकाठी त्यावर लवकरच तपकिरी ठिपके येतात. 304 घराच्या आडोशाला ठीक. समुद्राची हवा थेट लागत असेल तर 316, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेला दाद देत नाही. लोहचुंबक लावून बघतात तो उपाय इथे कामाचा नाही. 202 ला चुंबक चिकटत नाही आणि 304 लाही नाही.

तेव्हा किनाऱ्यावर घर असलेल्यांनी बिलावर नुसतं 'एसएस' लिहून घेऊ नका. ग्रेडचा आकडा लिहायला लावा, बोल्ट आणि स्क्रूंचासुद्धा.