अपघातानंतरचं कार्ड

बोटं गेली ती गेली, पण मला अजून डाचतं ते त्या पोराचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड.

भोसरीतल्या एका पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो. प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं होती, म्हणजे डायमध्ये घालायला हातच मोकळा राहत नाही. पण पायडलवर पीस जास्त निघतात, म्हणून बटणांची वायर काढून ठेवलेली. रात्रपाळीत अडकलेला पीस काढायला पोराने हात घातला, पाय पायडलवरच होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मालकांनी स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं, रात्रभर थांबले, रडलेसुद्धा. सकाळी हिशेबनिसाने पोराचं आधार मागितलं आणि ऑनलाइन नोंदणी केली. रुजू झाल्याची तारीख? अपघाताचीच! आदल्या दिवाळीला आमच्या रांगेत उभा राहून मिठाईचा बॉक्स घेणारा हा पोरगा कागदावर त्याच दिवशी कामाला लागला. कामावरच्या इजेला ईएसआयचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं, आधी हप्ते भरलेले असण्याची अट नाही. कामगारासाठीची ही सोय मालकांनी स्वतःला वाचवायला वापरली. वर पगार दाखवला किमान वेतनाएवढा; बारा तासांच्या पाळीचा ओव्हरटाइम गायब. अपंगत्वाची पेन्शन पगारावरूनच ठरते, म्हणजे नुकसान जन्मभराचं. उजव्या हाताला बँडेज, म्हणून पोराने डाव्या हाताने कशीबशी सही केली.

आता मी चाकणच्या मोठ्या कंपनीत आहे. सेफ्टी शूजशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, सेफ्टी ऑफिसर आहे, 4 मार्चला सुरक्षेची शपथ होते. पण आमचेच ऑडिटर व्हेंडरकडे जाऊन पीसच्या कडेवरची बर मोजतात, प्रेसची बटणं चालू आहेत का हे विचारत नाहीत. दर मात्र दरवर्षी कमी करून मागतात. हे पाहिल्यापासून मालकांवरचा माझा राग थोडा वाटला गेलाय. थोडाच. वायर दरामुळे निघाली असेल, तारीख दराने बदलली नाही.

महाराष्ट्राने 2015 मध्ये विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी लागणारी किमान कामगारसंख्या 10 वरून 20 केली. लहान शॉप फॅक्टरी कायद्यातून सुटले, पण ईएसआय 10 माणसं असली तरी लागू होतं. तुमचा पगार 21,000 च्या आत असेल, तर त्यातून पाऊण टक्का कापला जातो का आणि विमा क्रमांक मिळाला का, हे याच महिन्यात विचारा.