बाटलीतले जीवाणू आणि आपलं विरजण



अकोल्याच्या माझ्या नणंदेला छातीच्या जंतुसंसर्गासाठी सात दिवसांचं अँटिबायोटिक घ्यावं लागलं. पाठोपाठ पोट बिघडलं. सुनेनं प्रोबायोटिक पेयाच्या बाटल्या आणल्या. त्यावर लिहिलेलं, 650 कोटी जिवंत जीवाणू. वन्सं घाबरल्या. रात्री अमरावतीला फोन, "वहिनी, हे घशाखाली कसं घालू?"

प्रश्न खरा आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरात "जिवंत" हा शब्द डोळ्यांत खुपतोच. पण आपल्या शरीरात एकूण सुमारे 38 लाख कोटी जीवाणू असतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये मांडला. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. बी.कॉम. झालेली बाई, भागाकार केल्याशिवाय राहवेना. बाटलीतले म्हणजे साधारण पाच हजार आठशेंत एक! आपण एकटं जेवायला बसतच नाही. ज्वारीचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जीवाणू आंबवतात, आणि त्यातून निघणाऱ्या ब्युटिरेट नावाच्या आम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात. रोगजंतूंना जागा मिळू न देणं हेही त्यांचंच काम.

मग मला वाटलं, काळजी बाटलीची करायची की गोळीची? अँटिबायोटिक रोगाचे जंतू मारतं, तसे हे निरुपद्रवी रहिवासीही मारतं. वन्संना ते गरजेचंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण साधी सर्दी विषाणूनं होते, तिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. तरी आपल्याकडे दोन शिंका आल्या की दुकानातून पट्टी येते, आणि बरं वाटलं की उरलेली डब्यात. आपल्या व्रतांत अनर्थदंड सांगितला आहे, म्हणजे काही कारण नसताना केलेली हिंसा. माझ्या मते सर्दीसाठी घेतलेली ती पट्टी यात सरळ बसते. त्याबद्दल महाराजांना कोणी विचारत नाही, दह्याबद्दल सगळ्या विचारतात.

बाटली घ्यावी का? अँटिबायोटिकच्या जुलाबांत काही विशिष्ट जीवाणूंचा उपयोग होतो, डॉक्टरांनी सांगितलं तर घ्यावी. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच. पण "रोज घेतलं की तब्येत ठणठणीत" याला आधार कमी. 2018 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत दिसलं, की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातले मूळ जीवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. छोटाच अभ्यास, पण विचार करायला लावणारा. शिवाय त्या पेयात साखर, आणि ते महिनाभर चालतं. आपल्या दह्याची मर्यादा चोवीस तास. सोळ्यात ते बसत नाही, हे वन्संना मी स्पष्ट सांगितलं. कॅप्सूल असेल तर वरचं आवरण जिलेटिनचं तर नाही ना, तेही बघा.

दही मात्र आपलं आहेच. मर्यादेत तापवलेलं दूध, आणि जुन्या दह्याचा माग नको म्हणून नारळाच्या करवंटीचा तुकडा किंवा देठाची लाल मिरची. मिरचीच्या देठावर दूध आंबवणारे जीवाणू असतात, म्हणून ते लागतं. एवढ्यावरून "आपल्या आचार्यांना बॅक्टेरिया माहीत होते, निगोद म्हणजे तेच" असं जे मोबाईलवर फिरतं, त्यावर मी सही करणार नाही. धर्माला असल्या टेकूची गरज नाही.

अजून एक टोमणा आपण ऐकतो. कांदा-लसूण खात नाही, मग पोटातल्या जीवाणूंना काय घालता? कांदा-लसणात त्यांचं खाद्य असतं हे खरं. पण ते ज्वारीत, अख्ख्या मुगात, तुरीत, जवसात, कच्च्या केळीतही असतं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते तेव्हा मूग-मटकी असतेच. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात तेव्हा असलेले डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात भारतीयांच्या पोटात प्रिव्होटेला हा जीवाणू ठळक दिसला. धान्य-भाजीवर जगणाऱ्यांत तो भरपूर असतो. त्यांनीच 2012 मध्ये एका छपराखालच्या तीन पिढ्या तपासल्या होत्या, तर वयाप्रमाणे जीवाणूंचं प्रमाण बदललेलं. म्हणून नातवाला मानवलं ते आजीला मानवेलच असं नाही.

वन्संनी सकाळी ज्वारीची भाकर आणि ताजं ताक सुरू केलं. द्विदल नको म्हणून वरण संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत. आठ-दहा दिवसांत पोट जागेवर आलं. ताकानं आलं की आपोआप, ते मी सांगू शकत नाही.

तेवढं विरजणाचं बघा. मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात दही चार-पाच तासांत लागतं आणि संध्याकाळपर्यंत आंबट होतं, तेव्हा दूध जेमतेम कोमट असलं तरी पुरे. डिसेंबरात भांडं गव्हाच्या कोठीत दाबून ठेवा.